वळलेल्या काचेवर दशावतार

आमच्या धंद्यात वन वे व्हिजन विकायला दोन वाक्यं पुरतात. बाहेरून चित्र दिसतं, आतून बाहेरचं दिसतं. कुडाळात फ्लेक्स-रेडियमचं दुकान चालवताना ही वाक्यं मी इतक्यांदा म्हटली आहेत की दवाखान्याची काच असो की पतसंस्थेचं केबिन, गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत ती तोंडून निघून जातात. सपाट काच, सपाट विनाइल, फार तर तासाभराचं काम. गाडीची वळलेली काच आली की मात्र मी त्या दोन वाक्यांवर थांबत नाही. मग गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागतं, कारण त्याला भाव हवा असतो आणि मी त्याला पावसाबद्दल सांगत बसते.

पावसाकडे येतेच. आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण रोज हाताळणाऱ्यांनाही ती नीट सांगता येत नाही.

वन वे म्हणजे पीव्हीसीचं पातळ विनाइल. त्याला सारख्या अंतरावर जेमतेम दीड मिलिमीटरची भोकं पाडलेली असतात. तोंडाकडची बाजू पांढरी, तिच्यावर छपाई होते. पाठ काळी, आणि गोंद त्या काळ्या अंगाला. लोक भोकांचं कौतुक करतात; मी त्या काळ्या पाठीचं करते. बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यांत उन्हातलं छापील चित्र एवढं भरतं की भोकांतून येणारा आतला अंधुक उजेड त्याच्या खिजगणतीत येत नाही. आतल्या माणसासमोर मात्र काळा रंग असतो. काळ्यावरून उजेड परत येत नाही, त्यामुळे नजर तिथे अडकत नाही, भोकांतून सरळ पलीकडे जाते. डोळा पलीकडच्या झाडावर ठरला की जवळची भोकं आपसूक विरून जातात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांनी ही कल्पना पुढे आणली, तिचं पेटंट घेतलं आणि ‘कॉन्ट्रा व्हिजन’ नावाने ती बाजारात उभी केली. आज आमच्याकडे येणारे रोल कुठल्याही कंपनीचे असोत, युक्ती तीच.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते, जी विकताना कोणी बोलत नाही. एकाच बाजूने दिसणं हा विनाइलचा गुण म्हणावा तर तो विनाइलच्या हातातच नाही. जिकडे उजेड जास्त, तिकडचं दिसणार. दिवसा बाहेर जास्त. रात्री आत दिवा लावला की आत जास्त. तेव्हा काय होतं ते पुढे एका गिऱ्हाइकाच्या घरच्या काकींच्या तोंडूनच ऐका.

रोलवर ५०/५०, ६०/४०, ७०/३० असे आकडे असतात. पहिला आकडा विनाइलचा, दुसरा भोकांचा. ७०/३० घेतलं तर चित्र भरीव दिसतं आणि आत अंधारतं. ५०/५० घेतलं तर आतल्याला मोकळं वाटतं, पण चित्राचा अर्धा भाग भोकांत गेलेला असतो. म्हणून छपाईला देताना मी रंग नेहमीपेक्षा गडद करते, बारीक अक्षरं काढून टाकते. भोकाच्या आकाराची मात्रा किंवा अनुस्वार असेल तर तो भोकात पडतो आणि ‘आंबा’चा ‘आबा’ होतो. आंब्याच्या एका व्यापाऱ्याला मी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा कुठे त्याने पत्त्याची शेवटची ओळ सोडली.

गाडीच्या बाबतीत इथेच कायदा आडवा येतो, आणि माझ्या मते बरोबर येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर काळ्या फिल्मांना बंदी घातली. पुढे नियमांत सुधारणा झाल्या, आणि ठरलेल्या मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंही. पण मर्यादा तीच राहिली. आता आमचा रोल बघा. ७०/३० मधून ३० टक्के उजेड येणार. रोलवरचा ७० आणि नियमातला ७० एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. ५०/५० चा रोलही मागच्या काचेला पुरत नाही, आणि काचेची स्वतःची छटा नि वरचं लॅमिनेशन, म्हणजे विनाइलवर चढवलेला पारदर्शक थर, धरलं तर बाजूच्या काचेलाही नाही. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्या दुकानासमोर लागतात, मागच्या काचेवर गजानन हवा असतो. मी त्यांना दरवाज्याचा पत्रा दाखवते. ‘एवढ्या गाड्यांना असतं’ असं ते म्हणतात. असतं खरं. हायवेवर रिव्हर्स घेताना त्या गाड्या कशा हलतात तेही मी बघते.

त्यामुळे वळलेल्या काचेचं मनासारखं, बिनघोर काम फारसं वाट्याला येत नाही. आलं ते एका थांबलेल्या बसचं.

त्या बसच्या मालकांनी, काकांनी, सगळी उमर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर वेंगुर्ला तालुक्यातल्या आपल्या माडांच्या बागेत, किनाऱ्याला लागून, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. तिसरी खोली म्हणून त्यांनी नोंदणी रद्द झालेली एक लक्झरी बस आणली. कधीकाळची रात्रीची मुंबई गाडी. इंजिन काढलेलं, चाकं नावाला, सगळा सांगाडा जांभ्याच्या जोत्यावर चढवलेला आणि तोंड पश्चिमेला, दर्याकडे. ड्रायव्हरच्या सीटच्या जागी खाट. त्या खाटेसमोर लक्झरीची ती मोठी पुढची काच, मध्ये उभ्या रबराने दोन भाग झालेली, दोन्ही टोकांना अंगावरून वळत बाजूच्या पत्र्याला भिडणारी.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. किनाऱ्यावरून चालत येणाऱ्याला काचेवर दशावताराचा पट दिसावा. जत्रांच्या दिवसांत त्यांच्या देवळात दहीकाला, म्हणजे रात्रीचं दशावतारी नाटक, होतो, काका स्वतः तरुणपणी पायपेटीवर बसलेले. आणि आतल्या पाहुण्याला? “माका खाटीर पडल्यापडल्या दर्यो दिसाक होयो,” काका म्हणाले, म्हणजे पाहुण्याची जागा त्यांनी आधीच स्वतः घेऊन बघितली होती. मी ५०/५० म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे अर्धोच दर्यो गावतलो?”

अर्धा उजेड, दर्या पूर्ण, असं मी सांगितलं. गॉगल लावल्यावर मिळतो तसा. ते पटलं. पण मग त्यांनी जे म्हटलं ते मी दुकानात पाटीवर लिहून ठेवायला हवं: “चेडवा, काच म्हटली काय पयली बघूची, मगे सजवूची.” काचेमागे आयुष्य काढलेल्या माणसाने काचेबद्दल हे बोलावं यात नवल नाही. आम्ही छपाईवाले उलटे वागतो. काम झालं की बाहेर उभे राहून फोटो काढतो आणि निघतो. आत जाऊन बसत नाही. माझं मत असं झालंय की वन वेचं काम चांगलं की वाईट हे आतून ठरतं, आणि बाहेरचा फोटो हा त्या कामाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा पुरावा आहे.

आता पाऊस. सिंधुदुर्गात किनाऱ्याला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर घाटमाथ्यावर आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. वन वे उघडं लावलं, म्हणजे वरून लॅमिनेशन न करता, तर पहिल्याच सरीला प्रत्येक भोकात एक थेंब अडकतो. पृष्ठताण त्याला धरून ठेवतो आणि एवढ्याशा थेंबाचं वजन त्याला खाली ओढायला पुरत नाही. हजारो थेंब, प्रत्येक जण उजेड आपापल्या परीने वाकवणारा. आतून बाहेर बघाल तर माड आहे की माणूस हे कळत नाही. पाऊस गेला, पाणी सुकलं, तरी त्यातलं मीठ आणि धूळ भोकात राहते. किनाऱ्यापासून आत गेलात तर जांभ्याची लाल धूळ. मे महिन्यापर्यंत अर्धी भोकं बुजलेली असतात, आणि लावणारा म्हणतो मालच खराब होता.

म्हणून कोकणात लॅमिनेशन हवंच. पारदर्शक, स्वच्छ, भोकांवर सपाट बसणारं. शिवाय ते विनाइलपेक्षा चारही बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर मोठं कापायचं, म्हणजे त्याची कड थेट काचेला चिकटते आणि कडेच्या भोकांत बाजूने पाणी शिरत नाही. हे वाचायला सोपं आहे. पण लॅमिनेशन चढलं की विनाइलचा स्वभाव बदलतो. ते जाड होतं, ताठ होतं, वळायला कुरकुरतं. उघड्या विनाइलखाली हवा राहिली तर ती भोकांतून निघून जाते. लॅमिनेशन झाल्यावर भोकं बंद, मग तीच हवा हाताने रेटत कडेपर्यंत न्यावी लागते. सपाट काचेवर ते जमतं. वळणावर ती एका जागेवरून दाबली की दुसरीकडे उठते.

म्हणजे पावसाला जे हवं तेच वळणाला नको. या कामातली सगळी डोकेदुखी इथून सुरू होते. मुंबई-पुण्याचे लोक व्हिडिओत मोठ्या सहजपणे मागच्या गोल काचेवर विनाइल बसवतात तेव्हा मी आधी बघते की वर लॅमिनेशन आहे का. बहुतेकदा नसतं.

वळणं दोन प्रकारची असतात आणि गिऱ्हाइकाला ती सारखीच दिसतात. एक फक्त एका दिशेने वळतं. उभ्या खांबाला कागद गुंडाळावा, विनाइल तिथे तक्रार करत नाही. दुसरं दोन्ही दिशांनी वळतं. सोललेल्या शहाळ्याला वर्तमानपत्र गुंडाळून बघा: मधोमध बसेल, कडेला चुण्या पडतील, आणि चुण्या दाबाल तर मध्ये फाटेल. कितीही हुशार हात असला तरी. सपाट पृष्ठभाग न ताणता, न आकसता गोलावर बसवता येत नाही हे जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवलंय. नकाशे काढणाऱ्यांचं दुखणंही हेच. गेरार्डस मर्केटरने १५६९ च्या आपल्या नकाशात सगळा ताण ध्रुवांकडे ढकलला, त्यामुळे आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढं ग्रीनलंड त्यात आफ्रिकेला टक्कर देतं. जहाजवाल्यांना ते चाललं, कारण त्यांचं जाणं-येणं तिकडे नव्हतं. मी तेच करते. ताण जाणार हे ठरलेलंच आहे. तो कुठे पाठवायचा एवढंच आपल्या हातात.

काकांच्या काचेचं मधलं दोन तृतीयांश अंग जवळपास सपाट. बाहेरच्या टोकाला ती आडवी वळते, आणि खालच्या कोपऱ्यात आडवं वळण नि उभं वळण एकमेकांना भेटतात. तळहात फिरवला की कळतं. मी मापं घेण्याआधी नेहमी हात फिरवते, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, कारण काचेवरचं प्रतिबिंब डोळ्याला फसवतं.

मग चित्र त्या काचेप्रमाणे मांडलं. काकांच्या मुलाने मोबाइलवर एक नमुना करून आणला होता, चारही बाजूंनी सोनेरी पट्टा आणि खाली कोपऱ्यात फोन नंबर. पट्टा मी लगेच उडवला. सरळ रेघ वळणाच्या कडेशी आली की तिचा बाक लांबूनही दिसतो, आणि विनाइल दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर रबराची कड ते ओरडून सांगते. नंबर मध्यावर आणला. राजाचा रंगवलेला चेहरा एका भागात, पूर्वरंगातला गणपती दुसऱ्या भागात, दोन्ही सपाट जागी. आणि टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांत संकासूर, दशावतारातला असुर, कारण तो काळा. काळ्या झग्यात काप लपतो, ताण लपतो, भोक जरा लांबट झालं तरी लक्षात येत नाही. काकांना वाटलं मी दशावताराची जाणकार आहे. एकाच गोष्टीची किंमत मोजावी लागली: गडद छपाईवरून उजेड कमी परततो, म्हणून त्या जागी बाहेरून आतलं थोडं जास्त दिसतं. कोपऱ्यात खाटेचा पाय होता. दिसू दे.

मालाबद्दल एक सांगून पुढे जाते. विनाइल दोन पद्धतींनी बनतं. कॅलेंडर पद्धतीत गरम पीव्हीसी रुळांमधून दाबत पातळ करतात. तो ताण विनाइलमध्ये राहतो आणि ऊन लागलं की ते मूळ मापाला परतायला बघतं. कास्ट पद्धतीत द्रव थर ओतून भट्टीत सुकवतात, त्यात असा ताण जवळपास नसतो. वन वेचे रोल बहुतेक कॅलेंडरचे. म्हणून लॅमिनेशन तरी कास्टचं घ्यायचं, पातळ आणि मऊ. महाग पडतं. गिऱ्हाइकाला सांगून घ्यायचं, लपवून स्वस्तातलं लावायचं नाही. आणि छपाई झाली की शाईतला सॉल्व्हंट उडून जायला पूर्ण एक दिवस रोल मोकळा ठेवायचा. ओल्या शाईवर लॅमिनेशन केलं की तो सॉल्व्हंट खाली गोंदात उतरतो आणि महिन्याभरात कडा वळतात. घाईच्या ऑर्डरी मी एवढ्यासाठीच नाकारते.

काम मार्गशीर्षात काढलं. पाऊस संपलेला, ऑक्टोबरचा घामट उकाडाही गेलेला. पण त्या दिवसांत किनाऱ्याला सकाळी दव असतं, काच चिंब. ओलावा विनाइलखाली गेला तर लॅमिनेशनमुळे तो बाहेर पडत नाही. प्रत्येक भोकात कोंडून बसतो आणि रोज पहाटे थंडीत धुरकट होतो. साध्या स्टिकरला आम्ही साबणाचं पाणी मारून सरकवत सरकवत बसवतो, ती सोय वन वेला नाही. कोरडंच लावायचं. त्यामुळे ऊन वर चढून दव जाईपर्यंत चहा, आणि काच तापून हाताला चटका बसायच्या आत काम. तापलेल्या काचेवर गोंद पहिल्या स्पर्शाला पकडतो, मग उचलून पुन्हा बसवता येत नाही. काच पश्चिमेकडची, म्हणून दुपारपर्यंतची मुदत मिळाली.

सफाईत किनाऱ्याची एक खास गोष्ट आहे. सगळीकडे शिकवतात की काच आयपीएने पुसा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने. तेल, मेण, बोटांचे डाग त्याने निघतात. मीठ निघत नाही. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही म्हणा ना. फडक्याने नुसतं इकडचं तिकडे होतं आणि वर काच चकचकीत दिसते. देवबाग, वेंगुर्ला, रेडी, कुठेही दर्याच्या तोंडावर उभी असलेली काच आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवायची, मग साबण, पुन्हा पाणी, कोरडी करून शेवटी आयपीए. रबराच्या बीडिंगच्या खाचेत पाणी लपून बसतं, तिथे टिशू खुपसून ठेवायचा. वायपरचे दांडे काकांनी आधीच काढून दिले होते.

खाकी कागदावर काचेचं माप उतरवून त्याप्रमाणे दुकानातच विनाइल कापून नेलं होतं, लॅमिनेशनची कड रबरापासून अर्धा सेंटिमीटर आत. काचेवर ठेवून कटर फिरवणं मला मान्य नाही. ओरखडा राहतोच. रोल ५४ इंची, काचेचा एकेक भाग त्या रुंदीत मावला, त्यामुळे सांधा द्यावा लागला नाही. वन वेला सांधा म्हणजे एकावर एक आलेली भोकं बुजणार आणि आतून काळी पट्टी दिसणार.

मास्किंग टेपने विनाइल जागेवर टांगलं आणि वीस पावलं मागे जाऊन बघितलं. मग मधोमध आडवी टेप मारून तिलाच बिजागरी केलं, वरच्या अर्ध्या भागाचा मागचा कागद सोलला, आणि मध्यापासून वर नि बाहेर, वर नि बाहेर. स्क्वीजीला, म्हणजे दाबायच्या पट्टीला, फेल्ट लावलेलं. एक हात विनाइल काचेपासून उचलून धरणारा, दुसरा दाबणारा. माझा मदतनीस नवा होता, त्याला एकच काम दिलं: पट्टी पोचण्याआधी विनाइल काचेला टेकू द्यायचं नाही. हे काम दिसतं सोपं आणि खांदे भरून येतात.

सपाट भाग झरझर झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. खालचा बाहेरचा कोपरा आला आणि अपेक्षेप्रमाणे बोटभर लांबीच्या चुण्या उभ्या राहिल्या. अशा वेळी हात आपोआप चुणीवर जातो, ती दाबून टाकावीशी वाटते. दाबलेली चुणी आठवड्यात परत येते. उपाय चुणीपाशी नसतो, मध्याकडे असतो. कोपरा पार सपाट भागापर्यंत सोडवून घ्यायचा, तिथलं विनाइल हीट गनने कोमट करायचं, दोघांनी दोन बाजूंनी सारखं धरून थोडंसं, अगदी थोडंसं ताणायचं आणि पुन्हा बसवत यायचं. मधलं अंग किंचित मोठं झालं की कडेला उरलेलं जास्तीचं कमी होतं. किती ताणायचं याला माझी खूण म्हणजे भोक. भोक गोल आहे तोवर ठीक. अंडाकृती दिसायला लागलं की हात थांबवायचा, कारण तेवढं ताणलेलं पीव्हीसी पहिल्या कडक उन्हात परत आकसतं आणि कड उचलतं.

हीट गन एका जागी धरायची नाही. बसची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते. एकच जागा तापली आणि शेजारची गार राहिली तर तडा जातो, आणि अशी काच आता त्या गाडीसाठी शोधायची कुठे. गन सतत फिरती, आणि माझा दुसरा हात काचेच्या आतल्या अंगाला. हाताला सोसेना की बंद.

डाव्या कोपऱ्यात एवढ्याने भागलं. उजव्या कोपऱ्याचं वळण जास्त. सांगाडा बांधताना तिथे बहुधा दुसऱ्या गाडीची काच बसवली असावी, दोन्ही भाग जुळे नव्हते. तिथे संकासूर कामी आला. विनाइल काचेपासून उचलून धरलं, कात्रीने झग्याच्या काळ्यात एक बारीक पाचर काढली, दोन्ही कडा शेजारी शेजारी आणल्या आणि वरून पारदर्शक पट्टीने मोहोरबंद केलं. काका इतका वेळ मागे हात बांधून उभे होते. जवळ येऊन त्यांनी तो काप शोधला, सापडला नाही, मग मलाच विचारून बोट ठेवून बघितलं. “खंय तरी कापूचा लागता ह्या बरा असा,” म्हणाले. मला ते कौतुक वाटलं, टोमणाही असू शकतो.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा ऊन काचेवर आलं. आत खाटेवर बसून बघितलं. दर्या सगळा, होड्या, किनाऱ्यावर जाळं निवडणाऱ्या बायका, थोडं संध्याकाळी पाच वाजल्यासारखं, पण सगळं. काचेजवळ हात धरला तर तळव्यावर उजेडाचे स्वच्छ ठिपके, आणि हात मागे घेत गेलं की वीतभर अंतरावर ते एकमेकांत मिसळून जातात. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाचा गोळा आहे, म्हणून प्रत्येक ठिपका जाता जाता पसरतो. काकांच्या नातवाला हा खेळ आवडला, तो आजही पाहुण्यांना करून दाखवतो म्हणे.

रात्री फोन आला. काकींचा. “दिवसाचा ठीक असा गो, पण राती आतला सगळा भायर दिसता. तुझा ता वन वे राती खंय जाता?”

त्या किनाऱ्यावरून चालत आल्या होत्या आणि बसमध्ये दिवा होता. बाहेरून राजाचा चेहरा काळवंडलेला, त्याच्यातून खाट, पंखा, दोरीवरचे कपडे, आणि खाटेवर पाय पसरून बसलेले काका. हे मी ठरवताना सांगितलं होतं, काकांनी मान डोलावली होती, आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. उपाय दोनच. आतून पडदा, किंवा बाहेरून चित्रावर आतल्यापेक्षा जास्त उजेडाचा दिवा. काकांना दुसरा पसंत, कारण दशावतार रात्रीचाच, त्याच्यावर उजेड हवा. काकींना पहिला, कारण विजेचं बिल त्या भरतात. शेवटी दोन्ही झालं: पडदा रोज, दिवा पाहुणे असतील तेव्हा, दहा वाजेपर्यंत.

पुढच्या पावसानंतर मी मुद्दाम जाऊन बघितलं. समुद्रावरून येणारा पाऊस त्या काचेवर सरळ आपटतो, आडवा. कडा जागेवर, कोपरे जागेवर. वायपरच्या दांड्याचं भोक बुजवलेलं होतं तिथून गंजाची रेघ राजाच्या हनुवटीपर्यंत ओघळली होती, ती ओल्या फडक्याने निघाली. काकांना बजावलं की गाड्या धुवायचा जोराचा फवारा कडेवर मारायचा नाही, त्याने मी जे बंद केलंय तेच उघडतं. असं विनाइल दोन-तीन वर्षं नीट राहतं. त्यानंतर ते काढावंही वेळेत लागतं. जास्त वर्षं उन्हात राहिलं तर पीव्हीसी कडक होऊन नखाएवढ्या तुकड्यांनी निघतं आणि गोंद काचेवरच राहतो. काढताना कोमट करून, काचेलगत आडवं, सावकाश ओढायचं.

काढलेल्याचं काय करायचं हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, मीच विचारते. पीव्हीसी जाळायचं नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा. जुने फ्लेक्स मागायला मे अखेरीला दुकानात रांग लागते. लाकडांच्या राशीवर, गवतावर, पडवीच्या उघड्या बाजूला, निवडून आलेले नि पडलेले सगळे पुढारी पावसाळाभर कामाला येतात. वन वे कोणी मागत नाही. भोकांचं आच्छादन कोणाला हवंय.

काकांनी मात्र काम झालं त्याच दिवशी उरलेला तुकडा मागून घेतला होता, संकासुराच्या झग्याचा, हातभर. न्हाणीघराच्या खिडकीला लावतो म्हणाले, बाहेरून कोणाला दिसणार नाही. काकींनी विचारलं, “राती दिवो लावल्यार?” काका गप्प झाले. तो तुकडा आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. तिथे दिवा लावत नाहीत.